काच घासायची की कडा?

प्रश्न: मी मिशिगनमध्ये राहतो. हिवाळ्यात गॅरेजमध्ये 66 इंची लाँगबो (लांब धनुष्य) बनवायला घेतला, मधे मेपलच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी फायबरग्लास, सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं. ओढायला 45 पाऊंड जोर लागेल असा हवा होता पण 28 इंच ओढल्यावर काटा 55 दाखवतो. शिवाय खालचा लिम्ब (मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग) जास्त वाकतोय (मुठीजवळ मोजलं तर दोरीचं अंतर वर 160 मिमी, खाली 168) आणि वरच्या टोकाला दोरी मधोमध न बसता 5 मिमी बाजूला जाते. वरच्या लिम्बची काच (फायबरग्लासची पट्टी) सँडरने पातळ केली तर चालेल का? मूठ अजून कोरलेली नाही, नुसता ठोकळा आहे.

उत्तर: नाही, सँडर बाजूला ठेवा. काचेच्या पट्टीत सगळे धागे लांबीच्या दिशेने पसरलेले असतात आणि ताण मुख्यतः तेच झेलतात, पाठीकडचे म्हणजे निशाणाकडचे ओढले जातात आणि पोटाकडचे दाबले जातात. पाठीला तर हातच लावायचा नाही. पोटाकडून अनुभवी लोक हलकासा पॉलिश पेपर फिरवतात पण पहिल्या धनुष्यावर मी तेही करू देणार नाही, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशेबाने बदलतो, 10 मिमी जाड लिम्बमधून 0.3 मिमी गेलं तरी साधारण 9 टक्के ताकद गेली, आणि काच तर सगळ्यात बाहेर असते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच जाते. रुंदीचं तसं नाही. रुंदी 9 टक्के कमी केली की ताकदही तेवढीच उतरते, म्हणजे हात थोडा चुकला तरी सावरायला जागा राहते. आपल्याकडे बांबूचा कमठा पोटाकडून सुरीने खरवडत आणतात आणि तिथे ते बरोबरच आहे, पण काचेच्या धनुष्यात आकार द्यायचा तो कडांमधूनच.

आता तुमचं नशीब बघा, मूठ कोरलेली नाही ना, मग धनुष्य उलटं करा! जो लिम्ब जास्त वाकतो तिथे दोरीचं अंतर जास्त येतं, म्हणजे तुमचा खालचा कमजोर आहे, आणि एक बोट बाणाच्या वर नि दोन खाली अशी पकड असेल तर वरचाच लिम्ब थोडा नरम हवा असतो, वरचं अंतर 3 ते 6 मिमी जास्त. तुमचे 8 मिमी उलटे केले की जवळजवळ तिथेच पोचता, उरलेला फरक आता जो खाली जाईल त्या कडक लिम्बच्या कडा किंचित घासून निघेल. (तिन्ही बोटं बाणाखाली धरत असाल तर मात्र दोन्ही अंतरं जवळपास सारखी ठेवा.)

मग दोरी सरकते त्याचं. आधी टोकाच्या खाचा बघा, दोन्हीकडे सारख्या खोल आणि एका पातळीत आहेत का, बऱ्याचदा गडबड तिथेच असते. त्या ठीक असतील तर लिम्बलाच पीळ पडतोय, मग दोरी चढवलेली असतानाच एक सरळ पट्टी मुठीजवळ आणि एक टोकाजवळ आडवी ठेवून मुठीकडून नजर लावा. टोकाला जी कड दोरीच्या बाजूला जास्त झुकलेली दिसेल ती कमजोर. घासायची ती समोरची, ताकदवान कड. इथे खूप जण उलटं करतात आणि पीळ वाढवून बसतात, म्हणून घासायच्या कडेवर आधी पेन्सिलने खूण करा. पाच-सहा हात मारले की थांबायचं, धनुष्य वीसेक वेळा अर्धंच ओढायचं आणि मग परत मोजायचं. पूर्ण 28 इंच ओढ टिलर (दोन्ही लिम्बच्या वाकण्याचा मेळ) जमेपर्यंत नको, आत्ता ओढलीत ती पुन्हा ओढू नका.

वजनाचं शेवटी. 45 चा हट्ट सोडा असं मी मनापासून सांगतो. 55 वरून 50 ला यायला मुठीजवळची 38 मिमी रुंदी दोन्ही कडा मिळून साधारण साडेतीन मिमी कमी करावी लागेल, टोकाच्या 13 मिमीला जेमतेम सव्वा. 45 साठी मुठीजवळ सात मिमी जाईल आणि एवढा अरुंद लिम्ब पीळ घ्यायला टपलेलाच असतो, त्यापेक्षा पुढच्या धनुष्याची मधली लाकडी पट्टी पातळ घ्या. टिलर-पीळ काढताना आणि शेवटी कडा गोल करताना थोडं वजन उतरतंच, म्हणून 51-52 ला थांबून मग कडा गोल करा. गोल मात्र नक्की करायच्या, धारदार कडेवरूनच काचेची कुसळं उठतात.

कानस मारताना काचेकडून लाकडाकडे, दोन्ही बाजूंनी आत, किंवा लांबीने. लाकडाकडून बाहेर ढकललीत तर काच उचलली जाते आणि ते पुन्हा चिकटवून भागत नाही. काचेवर मास्किंग टेप लावून त्यावरच रेषा आखा. चांगली कानस वापरू नका, काच तिचे दात खाऊन टाकते, लाकडी ठोकळ्याला 80 नंबरचा पेपर चिकटवला तरी काम होतं. गॅरेजचं दार उघडं ठेवा, एन-95 मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, शेवटचा हात ओल्या पेपरने, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, काचेचा भुगा अंगाला फार चावतो.

घासताना किंवा ओढताना टिक् असा आवाज आला तर लगेच दोरी उतरवा आणि चिकटवलेल्या रेषा टॉर्चने तपासा.