आधी लिपस्टिक उलटी करून बघ

व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काही खायचं-वापरायचं नाही, असं ठरवलंयस ना? मग घरातलं सगळं एकदम फेकू नकोस, संपेल तसं बदल. सुरुवात लिपस्टिकपासून कर. मागच्या बारीक अक्षरांत 'सीआय ७५४७०' दिसलं की समज, तो लाल रंग कोचिनियल किड्यांपासून काढलेला, म्हणजेच कार्माइन. लिप बाममध्ये मधमाश्यांचं मेण किंवा मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन बऱ्याचदा असतं. 'प्राण्यांवर चाचणी नाही' एवढ्यावर भुलू नकोस, ते व्हीगन असेलच असं नाही. मी स्वतः वर्षभर फसले होते!

बाहेर जेवताना 'व्हीगन आहे का?' यापेक्षा 'दूध, लोणी, अंडं, मध काही घालता का?' असं थेट विचार. व्हीगन वस्तूंचा सबस्क्रिप्शन बॉक्स, म्हणजे वर्गणी भरली की ठरावीक काळाने घरी येणारा खोका, आधी एकच मागव. वर्षाचे पैसे भरून बसलेय मी. निम्म्या बाटल्या अजून कपाटात सीलबंद.