डीएनए-आरएनएच्या रचनेत ५′ आणि ३′ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की न्यूक्लिइक आम्लाचे घटक पाठ आहेत, पण ५′ आणि ३′ टोकं म्हणजे काय, आणि एका ऑक्सिजनच्या फरकाने डीएनए व आरएनए इतके वेगळे का वागतात. दोन्हींची उत्तरं साखरेत आहेत, म्हणून अक्षरं थोडी बाजूला ठेवून आधी साखर काढा.

वहीत पंचकोन काढा. वरच्या टोकाला ऑक्सिजन. त्याच्या उजवीकडून घड्याळाच्या दिशेने १′, २′, ३′, ४′ असे चार कार्बन. ४′ वरून कड्याबाहेर, वर निघालेला तो ५′. आकड्यावरची ती खूण ‘प्राइम’ वाचायची. बेसच्या (म्हणजे ए, टी, जी, सी, यू ही अक्षरं ज्यांची, त्या नायट्रोजनयुक्त रेणूंच्या) अणूंना स्वतःचे साधे क्रमांक असतात, त्यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून साखरेच्या क्रमांकांना ती लावतात.

आता एकेक जागा भरा. १′ वर बेस. ॲडेनिन आणि ग्वानिन हे दोन कड्यांचे प्युरिन, ते ९ क्रमांकाच्या नायट्रोजनने जोडलेले असतात. सायटोसिन, थायमिन, युरॅसिल हे एका कड्याचे पिरिमिडिन, ते १ क्रमांकाच्या. इथवर झाला न्यूक्लिओसाइड. ५′ वर फॉस्फेट लावलात की न्यूक्लिओटाइड. परीक्षेत या दोन शब्दांत हमखास गल्लत होते.

साखळी वाढते ती ३′ वर. पेशीत नवा न्यूक्लिओटाइड तीन फॉस्फेट घेऊन येतो. आधीच्या साखरेचा ३′ हायड्रॉक्सिल (OH गट) त्यातल्या सर्वांत आतल्या फॉस्फेटशी बंध करतो आणि बाहेरचे दोन निघून जातात. म्हणजे एका टोकाला ५′ चा फॉस्फेट उरतो, दुसऱ्याला ३′ चा मोकळा हायड्रॉक्सिल. तो हायड्रॉक्सिलच काढून टाकला तर पुढची जोडणी अशक्य. फ्रेडरिक सँगर यांची डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचण्याची १९७७ची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे.

आणि आता २′, सगळ्यात महत्त्वाची जागा. डीएनएमध्ये इथे नुसता हायड्रोजन, आरएनएमध्ये हायड्रॉक्सिल. हा हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फेटला अगदी लागून असतो. द्रावण अल्कधर्मी झालं की तो प्रोटॉन गमावतो, त्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तिथेच तुटते. त्यामुळे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये आरएनएचे तुकडे होतात. डीएनएच्या दोन साखळ्या फक्त सुट्या होतात, साखर-फॉस्फेटचा कणा शाबूत राहतो. आरएनए मॅग्नेशियमसोबत तापवला तरी असाच तुटतो. आरएनेज-ए हे विकर (एन्झाइम) याच २′ हायड्रॉक्सिलचा वापर करून साखळी कापतं आणि ऑटोक्लेव्हमधूनही (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातूनही) पूर्ण नष्ट होत नाही; आरएनए कापणारी विकरं आपल्या त्वचेवरही असतात, म्हणून प्रयोगशाळेत आरएनए हाताळताना हातमोजे हवेतच.

डीएनएमध्ये युरॅसिलऐवजी थायमिन का, हेही इथेच सांगतो. सायटोसिनचा अमिनो गट आपोआप गळतो आणि त्याचा युरॅसिल होतो. डीएनएमध्ये युरॅसिल मुळातच असता, तर दुरुस्ती करणाऱ्या विकराला मूळचा कोणता आणि बिघडलेला कोणता हे कळलंच नसतं. थायमिनवर ५ क्रमांकाच्या कार्बनला मिथिल गट असतो, तीच त्याची ओळख.

दोन साखळ्या उलट दिशांनी धावतात. ५′-एटीजीसी-३′ ची जोडीदार बरेच जण ‘टीएसीजी’ लिहून मोकळे होतात. ते ३′ कडून वाचलं तरच बरोबर. रिवाजाप्रमाणे ५′ पासून लिहिलं तर ती जीसीएटी. प्रायमर (नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागवताना इथे चूक झाली तर पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रात, हवी ती पट्टी येणारच नाही.

ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सीमध्ये तीन. पण दुहेरी साखळीच्या स्थैर्यात बेस एकावर एक रचले जाण्याचा वाटाही मोठा असतो. तो पुस्तकांत फारसा येत नाही. प्रत्येक जोडीत एक प्युरिन आणि एक पिरिमिडिन, त्यामुळे जाडी सगळीकडे सुमारे २ नॅनोमीटर. दोन जोड्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर, आणि द्रावणात एका वेढ्यात साधारण १०.५ जोड्या.

शारगाफचा नियम (ए = टी, जी = सी) वापरण्याआधी साखळी दुहेरी आहे ना, ते पाहा. फाय-एक्स-१७४ या विषाणूचा डीएनए एकेरी आहे, तिथे ए आणि टी सारखे भरत नाहीत. गणितात टीऐवजी यू दिला असेल आणि ए = यू, जी = सी असेल, तर तो दुहेरी आरएनए असण्याची शक्यता धरा; रोटाव्हायरसमध्ये असाच असतो.