बरे वाटत असतानाही इनहेलर घ्यावा का?

प्रश्न : माझ्या वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. डॉक्टरांनी त्यांना दिवसातून एकदा टायोट्रोपियमची कॅप्सूल इनहेलरमधून ओढायला सांगितली आहे. पण बरे वाटू लागले की ते ती बंद करतात. हे योग्य आहे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही, आणि कृपया त्यांना तसे करू देऊ नका. हे औषध श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सुमारे २४ तास सैल ठेवते. त्यामुळे वडिलांना जे बरे वाटते ते बहुधा औषध चालू असल्यामुळेच, आणि ते थांबवल्यास धाप पुन्हा वाढण्याची, आजार एकाएकी बळावण्याचीही शक्यता असते. मात्र अचानक दम लागल्यास त्याचा उपयोग नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला साल्ब्युटामॉलसारखा पंप जवळ ठेवावा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एक काळजी विशेष घ्यावी. दमट हवेने कॅप्सूलमधील भुकटी खराब होते, म्हणून कॅप्सूल ओढण्याच्या वेळीच वेष्टनातून काढावी. ती गिळायची नसते, हेही वडीलधाऱ्यांना पुन्हा सांगावे लागते. तोंड थोडे कोरडे पडेल. परंतु लघवी अडकल्यास किंवा डोळा दुखून धूसर दिसू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.