डिस्क कव्हर घरीच बसवा आणि चाकावरच राहू द्या

तुमचा प्रश्न असा आहे: मागच्या ५० मिमी खोल रिमच्या चाकासाठी प्लास्टिकचं डिस्क कव्हर (स्पोक झाकून वाऱ्याचा अडथळा कमी करणाऱ्या दोन चकत्या) घेतलंय, ब्रेकचा रोटर (धातूची चकती) सेंटरलॉक म्हणजे मधल्या एकाच रिंगने आवळणारा आहे, गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉनला सायकल पुण्याहून विमानाने न्यायची आहे, तर कव्हर वेगळं नेऊन तिथे बसवावं का? माझं मत स्पष्ट आहे. घरीच बसवा, त्यावर दीडदोनशे किलोमीटर चालवा आणि चाकावरून न काढता न्या.

कारण ते बसवणं हॉटेलच्या खोलीत उरकण्यासारखं काम नाही. उजवीकडची चकती कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याच्या) आतून बसते, म्हणजे कॅसेट काढायची, त्यासाठी चेन व्हिप (कॅसेट धरून ठेवणारं अवजार) आणि कॅसेटची रिंग सोडवणारा लॉकरिंगचा पाना हवा. डावीकडे रोटर उतरवावा लागतो. मग दोन्ही चकत्या स्पोकमधून आरपार जाणाऱ्या नायलॉनच्या बोल्टांनी एकमेकींकडे ओढायच्या. एक बोल्ट पूर्ण आवळून पुढच्याकडे गेलात तर कड एका बाजूला उचलली जाते. समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा, तेही बोटांनीच. नीट बसलं की बोटाने टिचकी मारल्यावर हलगीसारखा ताणलेला आवाज येतो. ढबढब वाजलं तर अजून सैल आहे. शेवटी कडेवर पातळ टेप फिरवा.

आता चाक सायकलला लावून सर्वात हलक्या गिअरवर टाका आणि डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा मागून बघा. स्पोकपेक्षा कव्हर थोडं बाहेर फुगलेलं असतं, त्यामुळे आधी मोकळा फिरणारा पिंजरा इथे घासू शकतो. स्टँडवर घासला नाही तरी चढावर उभं राहून जोर लावल्यावर चाक किंचित झुकतं आणि खर्र आवाज येतो. म्हणूनच दीडशे किलोमीटर म्हणतोय, त्यात एक घाट असू द्या. कव्हरचा घुमणारा आवाज मात्र नेहमीचाच, त्याने घाबरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, हवा भरणं. कव्हरला व्हॉल्व्हपाशी छोटं भोक असतं आणि त्यातून नेहमीच्या पंपाचं तोंड जात नाही. माझ्या पहिल्या शर्यतीत ट्रान्झिशनमध्ये (सायकली लावायच्या जागेत) पहाटे पाचला मागचं टायर बोटाने दाबलं तर मऊ लागलं. शेजाऱ्याने पंप दिला, पण त्याचं तोंड भोकाच्या कडेला अडकत होतं. वीस मिनिटं मी रॅकच्या रांगांमधून अडॅप्टर मागत फिरलो. मिळाला तेव्हा ट्रान्झिशन बंद व्हायला पाच मिनिटं उरली होती. डिस्क चाकांसाठी काटकोनात वळलेला अडॅप्टर मिळतो, तो घ्या आणि पंक्चरच्या किटमध्येच ठेवा. सीओटूचं (झटपट हवा भरायच्या गॅसच्या काडतुसाचं) तोंडही त्यावर बसतं का ते घरी एक काडतूस खर्चून बघा. ट्यूब बदलण्याचा सराव कव्हर लावूनच करा. काडतुसं विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत, म्हणून मी ती तिथेच घेतो.

पॅकिंग सोपं आहे. टायरमधली बरीचशी हवा सोडा. रोटर काढून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये वेगळा ठेवा, कव्हरला हात लावायची गरज नाही. टीव्हीच्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्यातून चाकाएवढी दोन वर्तुळं कापा, मध्ये हबपुरतं भोक पाडा आणि दोन्ही बाजूंनी लावा. वरून दाब आलाच तर तो रिमवर आणि हबवर जातो, मधल्या पोकळ प्लास्टिकवर नाही. कव्हर तडकतं ते बहुतेक हबजवळ किंवा बोल्टच्या भोकापाशी. पेडल आणि पाने त्या बाजूला ठेवूच नका. कॅसेटची बाजू फ्रेमकडे नको. दोनतीन जादा बोल्ट आणि टेपचा छोटा गुंडा हातातल्या बॅगेत ठेवा.

कोणी गाडीने जाणार असेल तर एक गोष्ट. कोल्हापूरला जेवायला थांबलो तेव्हा चाक मागच्या काचेखाली उन्हात राहिलं आणि तासाभरात कव्हरची कड लाटेसारखी झाली. बंद गाडीत ऊन लागू देऊ नका. आणि गाडीमागच्या कॅरिअरवर कव्हरसकट चाक लावून हायवेला जाऊ नका, वाऱ्याने ते पतंगासारखं ओढलं जातं.

नियमांचं म्हणाल तर आयर्नमॅनच्या शर्यतींत कव्हर फक्त मागच्या चाकाला चालतं, पुढच्याला नाही. वारा फार असेल तर मुख्य पंच तेही काढायला लावू शकतात. हवाईतल्या कोना इथल्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत वाऱ्यामुळे वर्षानुवर्षं मागच्या डिस्कलाही बंदी होती. यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) नियमांवर होणाऱ्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला) स्पोकच्या चाकावर वरून लावलेलं कव्हर चालत नाही, तिथे चाकच डिस्कचं लागतं.

बाजूच्या वाऱ्याची भीती मागच्या कव्हरपेक्षा पुढच्या खोल रिमची धरा. मागच्या चाकाला स्टिअरिंग नाही, त्यामुळे झोत आला तर सायकल सरकते, पण हँडल हिसकलं जात नाही. पुढे ५० मिमी तुम्हाला झेपत असेल तर मागचं कव्हर जड जाणार नाही. सरावात मात्र हायवेवर ट्रक तुम्हाला ओलांडून जाताना एरोबार (पुढे वाकून धरायचे दांडे) सोडून हात बेसबारवर (बाहेरच्या रुंद हँडलवर) आणा.

शर्यत झाली की कव्हर त्या आठवड्यातच काढा. मिरामारची वाळू, घाम आणि सांडलेलं एनर्जी ड्रिंक आत जाऊन निपलपाशी (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटापाशी) साचतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. माझा एक स्पोक असाच गंजून तुटला होता, चाक डुगडुगायला लागेपर्यंत कळलं नाही. साबणाच्या पाण्याने धुवा, थिनर किंवा पेट्रोल लावू नका.

बसवून झालं की कॅसेटच्या सर्वात मोठ्या कॉगवर (चक्रावर) चेन ठेवून मागून फोटो काढा आणि इथे टाका. पिंजरा आणि कव्हरमध्ये किती जागा उरते ते बघून डिरेलरचा एल स्क्रू (तो स्पोकच्या बाजूला किती आत जाईल ते ठरवणारा) फिरवायचा का ते सांगतो.