मोटर फिरली की गाडी थांबते

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने अडथळा दिसला की वळणारी गाडी केली आहे. आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), त्यावर मोटरी चालवणाऱ्या एल२९३डी चिपांची मोटर शील्ड (उनोवर बसणारा जोडबोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअर असलेल्या छोट्या मोटरी) आणि पुढे सर्व्होवर (सांगितल्या कोनात वळणारी मोटर) अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. किटमधली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उनोच्या गोल सॉकेटला लावली आहे. मोटरी काढल्या तर सेन्सर, सर्व्हो नीट चालतात. मोटरी जोडल्या की गाडी वीतभर पुढे जाते, थांबते, सर्व्हो मान मधोमध आणतो आणि पुन्हा तेच. ती रोज रात्री प्रोग्राम तपासत बसते. चूक कुठे आहे?
— एक पालक, मिरज

उत्तर : आधी मुलीला सांगा, प्रोग्राम बंद करून झोप. सर्व्हो दरवेळी मधोमध येतो, याचा अर्थ उनो दरवेळी नव्याने सुरू होतोय. मोटरींनी ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो, म्हणजे प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. शेतावरचा पंप सुरू झाला की घरातले दिवे मिणमिणतात, तसंच. खात्री हवी असेल तर प्रोग्रामच्या सुरुवातीला १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी तीनदा लुकलुकवा. गाडी चालताना तो पुन्हा लुकलुकला, तर दोष बॅटरीचाच.

ती चौकोनी बॅटरी स्मोक डिटेक्टर, मल्टिमीटर अशा थोडक्यावर भागणाऱ्या वस्तूंसाठी असते. बीओ मोटर मोकळी फिरताना शंभर-दोनशे मिलीअँपिअर घेते. सुरुवातीच्या झटक्याला किंवा चाक अडलं की त्याच्या कित्येक पट. किटमध्ये ही बॅटरी टाकणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. आयटीआयमध्ये शिकवताना मी पाहिलंय, मुलं स्वतःलाच दोष देतात आणि हा नाद सोडतात.

आता उपाय. शील्डवर ‘पीडब्ल्यूआर’ लिहिलेला छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, आहे. तो असतो तेव्हा मोटरी आणि उनो एकाच पुरवठ्यावर चालतात. तो काढा. मग शेजारच्या ‘एक्स्ट पॉवर’ स्क्रू टर्मिनलला दिलेली वीज फक्त मोटरींना जाईल आणि उनोला त्याच्या सॉकेटमधून किंवा यूएसबीमधून वेगळी द्यावी लागेल. जंपर तसाच ठेवून दोन्हीकडे बॅटऱ्या लावू नका, त्या एकमेकींवर चढतील. टर्मिनलचे अधिक-उणे दोनदा पाहा. उलट जोडलं तर चिप जाते. दोन्ही पुरवठ्यांचा ग्राउंड (उणे बाजू) शील्डवर आधीच एक आहे, वेगळी वायर नको.

मोटरींना मी सहा रिचार्जेबल एए सेल सुचवेन, निकेल-मेटल हायड्राइडचे. प्रत्येकी १.२ म्हणजे ७.२ व्होल्ट. बीओ मोटरला हे जास्त होईल अशी शंका येईल, पण एल२९३डी जुन्या घडणीची चिप आहे. भार पडला की अडीच व्होल्टच्या आसपास स्वतःच खाते. मोटरपर्यंत साडेचार-पाच पोचतात, तेवढे बरोबर आहेत. चार सेल लावले तर गाडी रडतखडत चालेल. दुकानदार १८६५०चे दोन लिथियम सेल सुचवतील. ताकद चांगली मिळते, पण चुकून शॉर्ट झाले तर आग लागू शकते. शिवाय दोन सेलांच्या जोडीला त्यांच्यासाठीचा संरक्षक सर्किट आणि चार्जर लागतो. टीपी४०५६ नावाचं स्वस्त चार्जर मॉड्यूल एकाच सेलचं असतं. आठवीतल्या मुलीच्या हाती मी तूर्त ते देणार नाही.

उनोला मोबाइलची पॉवर बँक पुरे. काही पॉवर बँका मागणी कमी दिसली की आपोआप बंद होतात, म्हणून आधी अर्धा तास नुसती लावून पाहा.

एवढं करूनही एक गोष्ट उरते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या शील्डवर सर्व्होला उनोचेच ५ व्होल्ट जातात, जंपर काढला तरी. सर्व्हो थरथरला किंवा बोर्ड अधूनमधून रीसेट झाला, तर ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा, पट्टीची बाजू ग्राउंडला. आणि प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. ब्रशांच्या ठिणग्यांचा गोंगाट तो तिथेच जिरवतो. सोल्डरिंग तिलाच करू द्या, तुम्ही फक्त मोटर धरा.