बेळगावात फ्लॅटमध्ये शेल्टी (शेटलँड शीपडॉग, लांब केसांचं मेंढरं राखणारं छोटं कुत्रं) पाळता येईल का? उन्हाळ्यात केस काढावेत का, आणि गोचिडांवर कोणतं इंजेक्शन चांगलं?

इंजेक्शनचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो, नाहीतर केसांचं कुणीही सांगितलं असतं. भादरायचे नाहीत. आतली लव आणि वरचे लांब केस मिळून ऊन अडवतात. बेळगावचं ऊन शेल्टीला सोसतं, पाऊस नाही. पावसाळ्यात कानामागे केस ओले राहिले की गाठी धरतात आणि खालची कातडी लाल होते. ड्रायर घ्या. फ्लॅट चालेल.

आता इंजेक्शन. आमची शेल्टी मादी, नऊ किलोची. खानापूर तालुक्यात आक्काच्या गावी लक्ष्मीच्या यात्रेला तिला घेऊन गेलो होतो. दाजींची मेंढरं आहेत. सकाळी ही बया वाड्यात शिरली आणि कुणी न शिकवता कोकरांना वळसे घालून एका कोपऱ्यात गोळा करून उभी राहिली. दाजी एवढे खूश, की गल्लीतल्या चार जणांना हाका मारून दाखवलं. संध्याकाळी तिच्या कानामागे गोचीड दिसला. दाजींनी मेंढरांच्या औषधाच्या डब्यातली आयव्हरमेक्टिनची बाटली काढली, सिरिंज भरली. "ओ पावणं, धरा तिला. अर्धा मिली टोचतो, उद्या झडून पडतोय बगा."

मी कुत्री उचलून कडेवर घेतली आणि नको म्हटलं. झालं! "आमच्या मेंढरांस्नी चालतंय, तुमच्या सायबाच्या कुत्र्याला चालत न्हाई व्हय? मेंढरं राखणारं म्हणं, आणि मेंढराचं औषध सोसना!" पंगतीला बसलेले सगळे हसले. वर आक्का मलाच म्हणाली, पाहुण्यांदेखत त्यांना असं तोडायचं होतं का. तेव्हापासून घरच्या कुठल्याही कार्यात माझं नाव 'डॉक्टर'.

तर ऐका. मेंदूत शिरू पाहणारं औषध परत बाहेर ढकलणारा एक पंप शरीरात असतो. कोली, शेल्टी आणि त्यांच्या भाऊबंदांतल्या काही कुत्र्यांत एमडीआर१ या जनुकात दोष असतो आणि पंप बनतच नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत 2001 मध्ये हे सापडलं. अशा कुत्र्याच्या मेंदूत आयव्हरमेक्टिन साठतं. लाळ गळते, बाहुल्या मोठ्या होतात, झोकांड्या जातात, दिसेनासं होतं, पुढे कोमा. उतारा नाही, सलाइनवर ठेवून वाट बघायची.

हिशेब मांडतो, दाजींनीही वाचावा. एक टक्क्याच्या बाटलीत मिलीला 10 मिलिग्रॅम औषध, मेंढराचं माप किलोला 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या जनावराला 1 मिली. नऊ किलोच्या कुत्रीला अर्धा मिली हे मेंढराच्याच मापाने जवळजवळ तिप्पट झालं. आणि दोष असलेल्या कुत्र्याला मेंढराचं नेमकं मापसुद्धा झेपत नाही. औषध दिलेल्या जनावराच्या लेंड्यांतूनही ते बाहेर पडतं, आणि आमची बया सकाळभर त्यातच नाक खुपसून होती! मेंढरांना औषध टोचलं असेल तर काही दिवस शेल्टीला वाड्यात सोडायचंच नाही.

पुढे गालाच्या आतून बोळा फिरवून तिची तपासणी करून घेतली. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून दोष आलेला. रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला. दाजींनी नुसता अंगठा दाखवला.

तुम्ही गोचिडांवरची फ्लुरालानरची चघळायची गोळी डॉक्टरांना विचारून द्या, पण कुत्र्याला कधी आकडी आली असेल तर ते आधी सांगा. फिरवून आणल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानात बघायचं, गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढायचा.

सगळ्याच शेल्टींत हा दोष असतो असं नाही, पण तपासणी होईपर्यंत आहे असंच धरून चाला. हृदयातल्या जंतांसाठी महिन्याला जी गोळी देतात तिच्यात आयव्हरमेक्टिन असलं तरी माप इतकं थोडं, की दोषवाल्यांनाही चालते. मेंढरांच्या बाबतीत मात्र दाजींचा शब्द शेवटचा, ते मला मान्य आहे.

आणि जुलाब झाले म्हणून घरातली लोपरामाइडची गोळी देऊ नका. तीही हा दोष असलेल्या कुत्र्यांना न चालणाऱ्या औषधांच्या यादीत आहे.