आईच्या बांगड्या सैल झाल्यात

प्रश्न: माझी आई (वय ७८) आठ महिन्यांपासून पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. मी ठाण्याला असते, महिन्यातून एखादा रविवार जमतो. यावेळी बघितलं तर हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या, बोलताना कवळी हलत होती. तिथल्या मॅडम म्हणाल्या, वय झालं की माणूस वाळतंच. आई काहीच तक्रार करत नाही. मी उगीच घाबरतेय का?

उत्तर: नाही ताई, बरोबर ठिकाणी लक्ष गेलंय तुमचं. वजन उतरलं की कवळीसुद्धा सैल होते, मग चावताना टोचते म्हणून जेवण कमी होतं आणि वजन अजून उतरतं, असं ते चक्र सुरू होतं. "वय झालं" हे उत्तर मला तरी अजिबात पटत नाही.

आधी वजनाचं रजिस्टर मागा. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप गेलं तर डॉक्टरला दाखवायलाच हवं, म्हणजे ५० किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो. रजिस्टरच नसेल तर शिवणाचा टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, ३१ सेंटीमीटरच्या आत आला तर कुपोषणाची शंका घ्यायची. पाय सुजलेले असतील तर मात्र हे माप फसवतं.

आणि रविवारी नका जाऊ, मधल्या वारी जेवणाच्या वेळेला जा, फोन न करता. ताट हाताला येईल असं ठेवतात का, चपाती वातड आहे का, कुणी भरवायला बसतं का की दहा मिनिटांत ताट उचलून "जेवल्या" म्हणून लिहून टाकतात, हे सगळं तेव्हाच दिसतं. पाण्याचा तांब्या कुठे आहे तेही बघा. बाथरूमला न्यायला कुणी येत नाही म्हणून कितीतरी आज्या पाणीच पीत नाहीत हो, आणि या वयात तहानही कमी लागते. लघवी गडद, जीभ कोरडी, अचानक असंबद्ध बोलणं, असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

अंघोळ किंवा कपडे बदलायच्या निमित्ताने माकडहाड, खुबे आणि टाचा बघाच. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून-बसून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते.

आता दुसरी बाजू. थायरॉइड, शुगर, डिप्रेशन, गिळायला त्रास, एखादी गोळी, यानेही माणूस खंगतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी भांडू नका, तपासण्या करून घ्या. पण आजार असला तरी इतकं वजन जाताना कुणी मोजलं नाही, तुम्हाला कळवलं नाही, हे दुर्लक्षच आहे.

आईला दार लावून एकटीला विचारा, "जेवलीस का" असं नको, "काल रात्री काय होतं ताटात" असं. तक्रार केली तर आपल्यालाच त्रास होईल या भीतीने म्हातारी माणसं गप्प बसतात.

वजन, तारखा, फोटो जपून ठेवा आणि व्यवस्थापनाला लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, १४५६७, फोन फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८. तोपर्यंत आईला मऊ वरणभात वरून तूप, दही, चालत असेल तर अंडं, थोडं थोडं पाच वेळा द्यायला सांगा, आणि कवळी डेंटिस्टकडून नीट बसवून घ्या, ते याच आठवड्यात करा.